प्रॉम्प्टिंग जरा मोठ्याने

"राजाच्या कानात हे काय खुपसतेस गो?" बापू शेडग्यांनी विचारलं.

"इअरफोन आहे, बापूकाका. यंदा काकांना ह्यातून प्रॉम्प्टिंग मिळणार," रेवती म्हणाली.

"आणि वहिनी?"

मी पाटीवर लिहिलं, 'मी पेन्शनीत,' आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. बापूंना चष्मा सापडेपर्यंत मी ते पुसूनही टाकलं. पाटीवरची भांडणं फार संथ चालतात, हे मला त्या महिन्यात कळलं.

मला बोलायची बंदी होती. घशात गाठ आली होती, ती रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काढली आणि सांगितलं, काही आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मी कुजबुजत विचारलं, "हळू आवाजात तरी?" तर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, कुजबूज तर मुळीच नको. सगळ्यात जास्त त्रास त्यानंच होतो. तुम्ही करता तरी काय?"

काय सांगणार? तीसेक वर्षं मी विंगेत बसून कुजबुजत आले होते.

आमच्या खैरवाडीत देवीच्या उत्सवात नाटक होतं, आणि दर वर्षी तेच होतं, 'रत्नध्वजाचा वनवास'. माझ्या सासऱ्यांनी लिहिलेलं. मंडळाने एकदा दुसरं नाटक घेऊ म्हटलं, तर देवीने कौल दिला नाही. निदान सासऱ्यांनी तरी तसं सांगितलं. त्यांच्यानंतर राजा रत्नध्वज झाले आमचे हे, म्हणजे दिगंबर, एसटीचे ड्रायव्हर. त्यांच्याविरुद्ध कट करणारा सेनापती दुर्जय म्हणजे बापू शेडगे, ह्यांच्याच गाडीवरचे कंडक्टर. गाडीत बापूंनी घंटी दिली की हे निघायचे, स्टेजवर मी वाक्य दिलं की निघायचे. स्वतःहून ह्यांनी आयुष्यात कधी काही सुरू केलेलं मला आठवत नाही.

माझी कुजबूज देवळाच्या पायरीपर्यंत जायची. लोक प्रत्येक वाक्य आधी माझ्याकडून ऐकत, मग राजाकडून. कुणाची तक्रार नव्हती, ह्यांची सोडून. घरी आल्यावर मुकुट उतरवता उतरवता हे दर वर्षी एकच म्हणायचे, "नाटक चांगलं झालं. प्रॉम्प्टिंग जरा मोठ्याने झालं." ह्यापलीकडे कौतुक मला कधी मिळालं नाही, आणि इतक्या वर्षांत मी त्यालाच कौतुक समजायला शिकले होते.

गेल्या दोनतीन उत्सवांपासून मात्र काहीतरी बिघडलं होतं. वाक्यं विसरणं नवीन नव्हतं. पण हे आता मिठाच्या बरणीला 'ते पांढरं' म्हणायला लागले होते. एकदा बाजारातून येताना तिठ्यावर उभेच राहिले. घर कुठल्या बाजूला ते सुचेना. ज्या माणसाने मुंबईची गाडी घाटातून धुक्यात न चुकता नेली, तो तीन रस्त्यांच्या मधोमध पिशवी घेऊन उभा. मी मागून येत होते म्हणून बरं. "काय, गाडी पंक्चर?" असं म्हणून मी हाताला धरून आणलं आणि घरी येऊन मोरीत रडून घेतलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. विंगेतून वाक्यं देत राहिले. गावाला वाटत राहिलं की राजा ठणठणीत आहे. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आमच्याकडे मुकुटाची एक रीत आहे. म्हातारा राजा शेवटच्या प्रवेशात, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या हाताने मुकुट पुढच्या राजाच्या डोक्यावर ठेवतो. सासऱ्यांनी ह्यांच्या डोक्यावर असाच ठेवला होता. पण राजा मधेच अडकला आणि पडदा पाडावा लागला, तर मंडळ मुकुट काढून घेतं. सासऱ्यांच्या आधी गुरवांच्या आजोबांचं तसं झालं. त्याला आता तीन पिढ्या झाल्या, तरी त्या घराला आजही 'अडक्या राजाचं घर' म्हणतात. आमच्या गावात माणसं मरतात, नावं मरत नाहीत.

ऑपरेशनहून आल्यावर हे माझ्या खाटेपाशी बसले. म्हणाले, "यंदा शेवटचं. बापूला मुकुट देतो आणि सुटतो. पण द्यायला मला शेवटपर्यंत पोचायला हवं ना. आणि तू तर मुकी."



तेवढ्यात आली रेवती. माझ्या धाकट्या दिरांची लेक, पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. उत्सवाला म्हणून कामासकट येऊन राहिली होती. ह्यांनी विचारलं, "तू नेमकं करतेस काय गो तिथे?"

"मशीनला शिकवते, काका."

"काय, बाराखडी?"

"माणसांच्या सवयी."

"मग आमच्या हिच्या शिकव," हे म्हणाले. "एक प्रॉम्प्टर कमी पडलाय."

पहिलं यंत्र तिने एका संध्याकाळीच तयार केलं. तिच्या फोनमधलंच काहीतरी. नियम साधा होता, राजा गप्प झाला की पुढचं वाक्य कानात सांगायचं. आता आमच्या ह्यांची ख्याती काय, तर गप्प बसण्याची. दुसऱ्या प्रवेशात राणी वनात गेल्याची बातमी येते, तेव्हा राजा इतका वेळ नुसता उभा राहतो की बायका पदर डोळ्यांना लावतात. तालमीत त्या जागी फोनने तीनदा वाक्य सांगितलं. शेवटी राजाने विंगेत बघून विचारलं, "ही कानातली बाई मला रडू का देत नाही?"

रेवती खट्टू झाली, पण हटली नाही. "नियमाने नाही जमायचं, काकू. काका कधी अभिनय करतात आणि कधी अडकतात, हे सांगणारा नियम मला लिहिता येणार नाही. त्यापेक्षा भरपूर उदाहरणं देऊ. कुणीतरी प्रत्येक गप्प राहण्यावर शिक्का मारायचा, हा अभिनय, हा विसर. मग मशीन आपलं आपण फरक शोधतं. तुम्हाला कसं कळतं?"

मी लिहिलं, 'क्लच.'

तिला कळेना, तेव्हा मी उठून करून दाखवलं. अभिनय असला की ह्यांचे दोन्ही पाय जमिनीत रोवलेले असतात. विसर पडला की डावा पाय हळूच पुढे सरकतो आणि रिकाम्या जमिनीवर क्लच दाबतो. गिअर पडेपर्यंत दाबत राहतो. रेवती हसून हसून खाली बसली. मग तिने ठरवलं की फोनचा कान राजाच्या तोंडाकडे आणि डोळा राजाच्या पायाकडे ठेवायचा.

उदाहरणांना तोटा नव्हता. तालमीत मोबाईल तिवईवर ठेवून स्वतःचं चित्रण करायची ह्यांना भारी हौस. आपला आवाज किती चांगला आहे हे नंतर तपासायला. प्रयोगाच्या दिवशी मात्र फोन पेटीत कुलूपबंद, कारण लगबगीत कुणी पळवला तर? त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच वर्षांच्या तालमी होत्या, प्रयोग एकही नव्हता. सासऱ्यांनी लिहिलेली प्रत वाळवीने केव्हाच फस्त केली होती. नाटक आता फक्त तोंडांमध्ये उरलं होतं.

दुपारी हे झोपले की मी पडवीत फोन घेऊन बसायची. राजा गप्प झाला की खाली दोन बटणं यायची. सुरुवातीच्या वर्षांत मी भराभर दाबत गेले. अभिनय, अभिनय, अभिनय, विसर, अभिनय. मला मजा वाटत होती. केस काळे असलेला, पोट आत असलेला माझा नवरा फुकट बघायला मिळत होता. मग वर्षं पुढे सरकली. विसर वाढत गेले. गेल्या वर्षीच्या तालमीशी आले तेव्हा अंगठा एकाच बटणावर राहिला. विसर, विसर, विसर. मी फोन उपडा ठेवला आणि भात बघायला म्हणून उठले. भात कधीचाच झाला होता.

रेवती मागून स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "काकू, डॉक्टरांना दाखवलंय?"

मी पाटीवर लिहिलं, 'हो. गोळ्या चालू. गावाला कळायला नको.'

"माझ्या तोंडून नाही जाणार," ती म्हणाली. "आणि मशीन चुगली करत नाही."

'मग ते ह्या गावचं नव्हे,' मी लिहिलं. ती हसली, आणि मग तिने मला जवळ घेतलं. मला तेव्हा बोलायची फार इच्छा झाली होती. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

शिक्के मारून झाल्यावर यंत्राला गप्प राहण्यातला फरक कळू लागला. पुढचं काम, कुठलं वाक्य द्यायचं ते. त्यासाठी तिने त्याला सगळ्या तालमी पुन्हा पुन्हा ऐकवल्या. ह्या शब्दामागून बहुतेक वेळा कुठला शब्द येतो, ह्याचा अंदाज ते बांधायचं. ती म्हणाली, "त्याला अर्थ कळतो असं नाही, काकू. नेहमी काय येतं, तेवढं पक्कं कळतं."

मी लिहिलं, 'तुझ्या काकांसारखंच.'

वर त्याच चित्रणांतून तिने माझा आवाज उचलला आणि यंत्राला माझ्यासारखं बोलायला लावलं. अगदी तोच नाकातला, घाईघाईचा आवाज. स्वतःला असं बाहेरून ऐकल्यावर मला डॉक्टरांचं म्हणणं पटलं. हे मात्र खूश. "बघ रेवती, ह्याला बंद करायचं बटण पण आहे. लग्नात मला असं कुणी दिलं नव्हतं."

मी पाटी पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जेवण बंद करायचं बटण माझ्याकडे आहे.'

तालमी झकास चालल्या. यंत्राने योग्य जागी वाक्य दिलं की रेवती शाबासकीचं बटण दाबायची, चुकीच्या जागी दिलं की दुसरं. "अशानं ते सुधारत जातं," ती म्हणाली. बापू म्हणाले, "बैलही असाच सुधारतो. आमचा दिगू मात्र नाही सुधारला."

दुसऱ्या अंकाच्या शेवटी बापूंच्या घरून चहाची किटली यायची, ही पद्धत जुनीच. राजा हात पसरून "प्रजाजनहो, सांगा, मी कोण?" असं विचारतो, तिथे तालीम थांबते. दर वर्षी मी त्या जागी चहाची वर्दी द्यायची. यंदा मी मुकी, तर ह्यांनीच भरल्या आवाजात सांगितलं, "चहा आला. दहा मिनिटं." आणि खरोखरच चहा आलेला होता. आम्ही प्यायलो. बापू म्हणाले, "राजा यंदा फॉर्मात आहे." कुणालाही काही खटकलं नाही.

त्या वर्षी वाडीत बिबट्या फिरत होता. त्यामुळे मंडळाने रात्रीचं नाटक दुपारी चारला ठेवलं. उजेडात सगळ्यांच्या दाढ्यामिशांचा डिंक दिसत होता, पण लोक झाडून आले. पुढे बायका, मागे पुरुष, माडांच्या सावलीत मुंबईकर. मी नेहमीच्या जागी, विंगेतल्या स्टुलावर. शेजारी रेवती, तिवईवर फोन.

पहिला अंक छान झाला. दोन वेळा क्लच दाबला गेला आणि दोन्ही वेळा गिअर पडला. राणीच्या बातमीला राजा मनसोक्त गप्प राहिला आणि यंत्रही शहाण्यासारखं गप्प राहिलं. रेवतीने माझा हात दाबला. लोक मात्र जरा अस्वस्थ होते. दर वाक्याआधी विंगेकडे कान लावायची सवय. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं देखील, "आज वहिनींचं काहीच ऐकू येत नाही गो."

दुसरा अंक संपत आला. राजाने हात पसरले. "प्रजाजनहो, सांगा, मी कोण?" क्षणभर थांबला. डावा पाय किंचित हलला, आणि मग सिंहासनावरून शोभेल अशा आवाजात राजा रत्नध्वज म्हणाला, "चहा आला. दहा मिनिटं. आणि बापू, त्या तडा गेलेल्या कपाला हात लावू नका, तो माझा."

मंडपात मागच्या दोघातिघांनी उठून चपला शोधायला सुरुवात केली. मग जो हशा उसळला तो थांबेना. बापू कंडक्टर माणूस, सुटे नाहीत म्हणून कधी अडले नाहीत. तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "आधी राज्य, मग चहा, महाराज," आणि पडदा पडला.

आत हे खुर्चीवर बसले होते. रेवती रडकुंडीला आलेली. "काका, चूक माझी. मी त्याला फक्त तालमी शिकवल्या. प्रयोग त्याने कधी पाहिलाच नाही. त्याला वाटतं, चहा आणि काकूंचा कप नाटकातच आहे."

"तुझी काय चूक, बाय? खोटं कुठे बोललं ते? तिथे चहा येतोच." हे हसत होते. कानातलं काढून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. "हे नको मला आता. कानात ही बोलते आणि विंगेत ही गप्प बसलेली दिसते. कुणाचं ऐकू, तेच कळत नाही."

मी पाटीवर लिहिलं, 'मी बोलते.'

त्यांनी ते राजाच्या जरीच्या बाहीने पुसलं. "गळा जाईल तुझा. गप्प बस. जन्मात एकदा तरी गप्प बस."

आणि गेले. मला इतकी भीती माझ्या ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती.

तिसऱ्या अंकात राजा वनवासातून परततो आणि नगराच्या वेशीत उभा राहून मोठं भाषण करतो. समोर दुर्जय. हे भाषण संपलं की मुकुट. हे उभे राहिले, छाती भरून घेतली. "ज्या वेशीतून मी अनवाणी गेलो, त्याच वेशीतून आज अनवाणी आलो."

आणि थांबले.

लोकांना वाटलं, अभिनय. दोनतीन बायकांनी पदरही लावला डोळ्यांना. मी पाय पाहिला. डावा पाय पुढे सरकला. दाबला. सुटला. पुन्हा दाबला. समोर बापू उभे होते, त्यांचीही नजर खाली त्या पायावर होती. पलीकडच्या विंगेत मंडळाच्या अध्यक्षांनी पडद्याची दोरी हातात घेतली. ह्यांचे डोळे माझ्याकडे वळले. तिठ्यावर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस मला तिथे, मुकुटाखाली, जसाच्या तसा दिसला.

गेला गळा तर गेला, म्हणून मी उठले आणि तोंड उघडलं.

"मला सिंहासन नको."

हा आवाज माझा नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका बाईचा होता. मग तिच्या शेजारणीचा, मग मागच्या बाकांवरून, मग माडांखालून. सगळे हलक्या आवाजात, नाकात, घाईघाईने. अगदी माझ्यासारखे. "मला सिंहासन नको."

"मला सिंहासन नको," राजा म्हणाला.

"माझ्या माणसांनी मला ओळखलं," गाव कुजबुजलं.

"माझ्या माणसांनी मला ओळखलं."

आणि मग सगळा मंडप, बायका, पुरुष, मुंबईकर, एका सुरात म्हणाला, "दम घ्या. घाई नाही. मी आहे इथे."

मी स्टुलावर बसले.

हे वाक्य नाटकात नव्हतं. त्या जागी पुढे एक लांबलचक वाक्य आहे, सासऱ्यांनी श्वास घ्यायला कुठे जागाच ठेवली नाही. म्हणून दर वर्षी तिथे मी ह्यांना एवढं म्हणायची. फक्त ह्यांना. बाकीचं प्रॉम्प्टिंग मोठ्याने होत असेल, होऊ दे, पण हे मी अगदी हळू म्हणते, असा माझा समज होता.

राजाने ते वाक्य परत म्हटलं नाही. ते कुणासाठी आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने दम घेतला. डावा पाय हळूच मागे येऊन उजव्याशेजारी ठाम झाला. माझ्याकडे बघून हे हसले, तसं हसणं तिथे नाटकात नाही, आणि मग ते लांबलचक वाक्य स्वतःचं स्वतः, एका दमात, शेवटच्या शब्दापर्यंत म्हणाले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मुकुट दोन्ही हातांनी काढला आणि बापूंच्या डोक्यावर ठेवला. तो बापूंना मोठा झाला, कानांवर येऊन बसला. बापू रडत होते. दुर्जयाने तिथे खरं तर तलवार टाकायची असते, तीही टाकायला विसरले.

पडद्यामागे रेवती एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. "बापूकाका, तुम्हा सगळ्यांना हे कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला हवं? प्रत्येक वाक्य दर वर्षी दोनदा ऐकलंय आम्ही. आधी वहिनींकडून, मग दिगूकडून. दगडालाही पाठ होईल."

"हेच तर मी इतके दिवस सांगतेय," रेवती म्हणाली. "मशीनही असंच शिकतं. फक्त मी त्याला तालमीला बसवलं. तुम्ही सगळे प्रयोगाला बसला होतात."

मी पाटी पुढे केली. 'आणि ते, दम घ्या?'

बापूंनी मुकुट वर सरकवला आणि मान खाली घातली. "ते तर सगळ्यात आधी पाठ झालं, वहिनी. आमची ही मला दर वर्षी घरी गेल्यावर ऐकवते. बघा, त्या कशा बोलतात नवऱ्याशी, आणि तुम्ही बघा. फार मार खाल्लाय मी त्या वाक्यापायी."

मला लाज वाटली. म्हातारपणी कुणी आपलं पत्र चौकात वाचून दाखवावं तशी. मी पाटी पुसायला घेतली, तर बापूंनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"आणि अजून एक. दोनतीन वर्षं झाली, माहिती आहे आम्हाला. समोर मी उभा असतो, वहिनी. क्लच मलाही दिसतो. पण तुम्ही झाकत होतात, तर आम्ही कशाला उघडायचं?"

मग मी रडले. आवाज न करता रडायला डॉक्टरांची मनाई नव्हती.

रेवती पुण्याला गेली, ते यंत्र घेऊन. पुढे म्हणे त्यातलंच काहीतरी वापरून बोलताना अडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी काही केलं. शिकवताना सगळ्यात आधी त्यातून चहा काढला, असं तिने फोनवर सांगितलं. माझा आवाज परत आला, थोडा घोगरा. नाटक चालू राहिलं. राजा बापू, आणि विंगेत मी. बापू एक वाक्य विसरत नाहीत, त्यामुळे मजाही येत नाही.

हे मात्र विसरत गेले. आधी गाड्यांचे नंबर, मग नाती, मग एखाद्या सकाळी मीही. तेव्हा मी 'चहा आला' म्हणायची. तेवढं पुरायचं.

त्यानंतरची एक संध्याकाळ सांगते आणि थांबते. मी बाजारातून येत होते. लांबून पाहिलं, तर हे तिठ्यावर उभे. कधी घरातून निघाले, कुणास ठाऊक. हातात रिकामी पिशवी, आणि डावा पाय धुळीत क्लच दाबतोय. मी पाय उचलला, हाक मारायला तोंड उघडलं.

"दम घ्या," बापूंच्या पडवीतून कुणीतरी म्हणालं. बायका तिथे आमसुलं वाळवत बसल्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही. "घाई नाही. आहोत इथे."

"चढावाने वर, राजे," समोरच्या दुकानातून आलं.

आणि पडवीच्या कोपऱ्यातून बापू, म्हातारे, आरामखुर्चीत, म्हणाले, "टिंग टिंग."

हे निघाले. चढावाने वर, वाटेत एकदाही न थांबता. मी मागोमाग, अंतर राखून. घरी पोचले तेव्हा हे दारात चपला काढत होते. डोक्यावरून दोन्ही हात फिरवून काहीतरी उतरवल्यासारखं केलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "आज चांगलं झालं. प्रॉम्प्टिंग जरा मोठ्याने झालं."

"सांगते हो त्यांना," मी म्हटलं.

सांगितलं मात्र कधीच नाही.